पहिला मॉफ कसा बनवायचा : निळी पावडर जांभळी होईपर्यंत

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मॉफवाल्यांना मिळालं तेव्हापासून एमएस्सीची पोरं-पोरी सारखं विचारायलेत, सर आपल्याला मॉफवर प्रोजेक्ट करता येईल का, आपल्या कॉलेजात तर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायचं मशीन) पण नाही. येतं की. मी माझा पहिला मॉफ नांदेडच्या बाजूला एका साध्या कॉलेजात बनवला, तिथं एक गरम हवेचा ओव्हन, एक जुना व्हॅक्यूम पंप आणि चार दशांशाचा तराजू एवढंच होतं. तपासण्या बाहेरून करून घेतल्या. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलोय, म्हणजे ज्या चुकांमध्ये माझे सहा महिने गेले त्यात तुमचे जाऊ नयेत.

आधी मॉफ म्हणजे काय ते. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं बघितली असतील, घर केवढं हे खोल्यांवरून नाही तर खणांवरून सांगतात, पाच खणाचं, सात खणाचं. खांब, त्यावर तुळया, आणि दोन तुळयांच्या मधली मोकळी जागा म्हणजे खण. मॉफ पण तसंच उभं राहतं. धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे गठ्ठे म्हणजे सांधे, सेंद्रिय रेणू म्हणजे तुळया, त्यांना लिंकर म्हणतात, आणि हे एकमेकांना जोडत जोडत तिन्ही दिशांनी पसरलं की मधे खणच खण. फरक एवढाच की इथला खण एखाद-दोन नॅनोमीटरचा, आणि एका चिमटीत असे अब्जावधी. रिचर्ड रॉबसननी १९८९ मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू घेऊन असा सांगाडा उभा करून दाखवला, सुसुमु कितागावांनी १९९७ मध्ये दाखवलं की यात गॅस आत-बाहेर करता येतो आणि सांगाडा टिकतो, ओमर याघींनी १९९५ ला मॉफ हे नाव दिलं आणि १९९९ ला मॉफ-५ आणला. नोबेल याच तिघांना.

आता मुद्द्याचं. मॉफ बनवणं अवघड नाही, धातूचं मीठ आणि अ‍ॅसिड मिसळून ओव्हनमध्ये ठेवलं की बहुतेक वेळा काहीतरी स्फटिक पडतात. अवघड आहे ते खण रिकामे करणं, आणि ते रिकामे झालेत हे पुराव्यानं दाखवणं. ताज्या मॉफचा प्रत्येक खण सॉल्व्हंटनं, पाण्यानं, न वापरल्या गेलेल्या लिंकरनं गच्च भरलेला असतो. घर बांधून झालं पण आत बांधकामाचं सामान तसंच पडलेलं असेल तर तिथं राहणार कोण. तेव्हा पुढचं सगळं वाचताना हा एकच प्रश्न डोक्यात ठेवा, खण रिकामा झाला का?

कुठला मॉफ घ्यायचा

पहिल्यांदा करताय तर एचकेयूएसटी-१ घ्या. हाँगकाँगच्या विद्यापीठात १९९९ मध्ये बनला म्हणून तिथल्या नावाची अक्षरं, आम्ही लॅबमध्ये त्याला हकस्टच म्हणतो, पुढं पण तेच लिहीन. तांबं आणि ट्रायमेसिक अ‍ॅसिड, बास. ट्रायमेसिक अ‍ॅसिडला बीटीसी पण म्हणतात, बेंझिनच्या रिंगवर एकाआड एक तीन कार्बोक्सिलिक गट. हाच घ्या म्हणण्याचं कारण त्याचा रंग. भरलेला असताना आकाशी, रिकामा झाला की गडद जांभळट निळा. म्हणजे लाखांचं मशीन नसलं तरी खण रिकामा झाल्याची पहिली खबर डोळ्यांना मिळते. पांढऱ्या मॉफमध्ये ही सोय नाही, आणि नवशिक्याला लई मोठा आधार असतो तो.

यूआयओ-६६, एमआयएल-१०१ ही नावं पेपरात वाचून पोरं तिकडं धावतात. थांबा जरा. यूआयओ-६६ ला बहुतेक पद्धतींत डीएमएफ लागतं, ते गर्भावर परिणाम करणारं सॉल्व्हंट आहे, ज्या लॅबचा फ्युम हूड नुसता नावाला आहे तिथं ते नकोच. एमआयएल-१०१ मध्ये क्रोमियम, आणि पारंपरिक पद्धतीत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड. नको म्हणजे नको.

सामान

कॉपर नायट्रेट घेताना बाटलीवरचं लेबल वाचा, मधे किती पाणी लिहिलंय ते. ट्रायहायड्रेटचा रेणुभार २४१.६, अडीच पाणीवाल्याचा २३२.६, दोन्ही बाजारात मिळतात, आणि पेपरातला आकडा तसाच उचलला की प्रमाण चुकतं. दुसरं म्हणजे हे मीठ हवेतलं पाणी पितं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दाणे कोरडे खडखडीत असतात पण जुलै लागला की बाटलीत चिखल झालेला असतो, तसल्या बाटलीतून वजन केलं तर त्यात तांबं किती आणि पाणी किती कुणाला सांगता येणार नाही. पावसाळ्यात झाकणाला पॅराफिल्म गुंडाळून बाटली डेसिकेटरमध्येच ठेवायची.

पाणी डिस्टिल्डच. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड ते बादलीच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या थरावरून कळतंच, ते कॅल्शियम तुमच्या बीटीसीला आधी जाऊन चिकटेल. इथेनॉल शुद्ध पाहिजे, रंग घातलेला स्पिरिट नको, आणि इथेनॉलला एक्साइजचं परमिट लागतं त्यामुळं कॉलेजच्या स्टोअरमधूनच नोंद करून घ्या. बाकी टेफ्लॉनचा कप असलेला पन्नास मिलीचा स्टीलचा ऑटोक्लेव्ह, फिल्टर पेपर, झाकणाच्या काचेच्या बाटल्या. ऑटोक्लेव्ह नसेल तर गोल फ्लास्कमध्ये रिफ्लक्स करून पण हकस्ट होतो, स्फटिक जरा बारीक पडतात.

पायरी १ : मिसळणं आणि ओव्हन

०.८७ ग्रॅम कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट, म्हणजे ३.६ मिलिमोल, १२ मिली पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये ०.४२ ग्रॅम बीटीसी, म्हणजे २ मिलिमोल, १२ मिली इथेनॉलमध्ये. बीटीसी थंड पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून इथेनॉल, आणि ते पण जरा हलवत बसावं लागतं, घाई करू नका, गढूळ असतानाच ओतलं तर न विरघळलेली पावडर शेवटपर्यंत तुमच्या मालात राहते. दोन्ही एकत्र करून अर्धा तास ढवळा आणि टेफ्लॉनच्या कपात घाला. २४ मिली म्हणजे पन्नासच्या कपात निम्म्याला, तेवढंच बरोबर. दोन-तृतीयांशाच्या वर कप कधीच भरायचा नाही, गरम झाल्यावर द्रव फुगतो आणि वर वाफेला जागा लागते.

झाकण घट्ट, ओव्हन १२० अंश, बारा तास. मग ओव्हन बंद करायचा आणि ऑटोक्लेव्ह आतच गार होऊ द्यायचा, हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत स्पॅनर लावायचा नाही. गरम असताना उघडला की आतलं इथेनॉल वाफेसकट तोंडावर येतं, हे समोर बघितलेलं आहे म्हणून परत परत सांगतो.

लवकर व्हावं म्हणून तापमान १८० ला नेऊ नका. जास्त तापमानाला इथेनॉल तांब्याला क्षपित करतं आणि विटकरी रंगाचं क्युप्रस ऑक्साइड तयार होतं, आकाशी पावडरमध्ये लालसर कण दिसले की समजा तेच आहे. एक्सआरडीत ते टू-थीटा, म्हणजे किरण वळल्याचा कोन, ३६.४ अंशाला शिखर दाखवतं, लपत नाही.

लाइट गेली तर? आपल्याकडं हा प्रश्न खराच आहे. रात्री लावलेला ओव्हन पहाटे दोनला बंद पडला आणि सकाळी बघितलं तर सगळं थंड. उघडू नका, वहीत वेळ लिहा, लाइट आली की उरलेले तास पूर्ण करा. माल बहुतेक वेळा चांगलाच निघतो, फक्त स्फटिक एकसारख्या आकाराचे नसतात. पण वहीत न लिहिता पुढं गेलात आणि पुढच्या खेपेला आकार वेगळा आला तर डोकं खाजवत बसाल. मी तर ओव्हनजवळ एक साधं विजेवर चालणारं काट्याचं घड्याळ त्याच बोर्डावर लावून ठेवलं होतं, लाइट जाईल तेवढं ते मागं पडतं, सकाळी मोबाईलच्या वेळेशी ताडून बघायचं, लॅबच्या मामांनी सुचवलेली युक्ती.

अजून एक, हे सगळ्यात जपायचं. टेफ्लॉनचा कप स्वच्छ करायला सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. त्याआधी कपातलं इथेनॉल पाण्यानं तीन-चार वेळा धुऊन पूर्ण काढा. नायट्रिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, विशेषतः बंद भांड्यात. दोघांच्या बाटल्या एका कप्प्यात पण ठेवू नका.

पायरी २ : धुणं, आणि वजनाचा भुलभुलैया

तळाला आकाशी, चमकणारी पावडर दिसेल, खडीसाखरेचा चुरा असतो तशी, उजेडात धरली की चकाकते. गाळा, पाणी-इथेनॉलच्या मिश्रणानं दोन-तीनदा धुवा, वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत. गाळलेलं निळं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, तांबं माशांना आणि शेवाळाला विषारी आहे, वेगळ्या कॅनमध्ये जमा करा आणि कॅनवर चिठ्ठी लावा.

वाळवून वजन केल्यावर पोरं धावत येतात, सर उतारा १३० टक्के आला! हिशोब करू. दोन मिलिमोल बीटीसीपासून रिकामा कोरडा हकस्ट जास्तीत जास्त एक मिलिमोल होतो, रेणुभार ६०४.९, म्हणजे ०.६०५ ग्रॅम. त्याच्यावर जे काय आहे ते खणांत बसलेलं पाणी आणि इथेनॉल. म्हणून उतारा काढायचा तो रिकामा केल्यावरच्या वजनावरून, ताज्या वजनावरून काढलेला आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहू नका.

पायरी ३ : खण रिकामा करणं

इथं घाई करणाऱ्याचं सगळं बिघडतं. याला अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात आणि त्याचे दोन टप्पे आहेत, आधी अदलाबदल मग निर्वात.

अदलाबदल म्हणजे धुतलेली पावडर ताज्या कोरड्या मेथॅनॉलमध्ये भिजत ठेवायची, रोज वरचं मेथॅनॉल काढून नवीन घालायचं, असं तीन दिवस. आतलं पाणी आणि उरलेलं बीटीसी हळूहळू बाहेर येतं आणि त्याच्या जागी मेथॅनॉल जाऊन बसतं. सरळ तापवून पाणी का नाही उडवायचं? एक तर हकस्टमधलं तांबं पाण्याला घट्ट धरून बसतं, आणि गरम पाणी त्याच तांबं-कार्बोक्सिलेटच्या सांध्यावर हल्ला करतं. दुसरं म्हणजे ज्या द्रवाचा पृष्ठताण जास्त तो बारीक नळीतून बाहेर पडताना भिंती आत ओढतो, पाण्याचा पृष्ठताण मेथॅनॉलच्या तिपटीहून जास्त आहे. हकस्ट त्यातल्या त्यात दणकट आहे पण नाजूक मॉफचा सांगाडा याच कारणानं बसतो, तेव्हा सवय पहिल्यापासून लावा. मेथॅनॉलची वाफ पण विषारी, काम हूडमध्ये, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव.

मग निर्वात. व्हॅक्यूम ओव्हन असेल तर १५० अंश, बारा तास. नसेल तर गोल फ्लास्क, ऑइल बाथ, रोटरी पंप, आणि मधे कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफ गोठवून अडवणारी थंड नळी, लावा नाहीतर मेथॅनॉल पंपाच्या तेलात जाऊन पंप मरतो. फ्लास्कच्या गळ्यात काचेच्या लोकरीचा बोळा ठेवा, पंप सुरू करताच पावडर उडते, आणि तीन दिवसांची मेहनत पाइपात जाते. झडप हळूहळू उघडा.

आणि मग तो क्षण. साधारण शंभर अंशाच्या पुढं पावडर कडेकडेनं गडद व्हायला लागते, आकाशी, मग निळी, मग जांभळट. तांब्याच्या जोडीच्या डोक्यावर एकेक पाण्याचा किंवा मेथॅनॉलचा रेणू बसलेला असतो, तो उठून गेला की तांब्याभोवतीचं वातावरण बदलतं आणि रंग बदलतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरी फोन करून बायकोला सांगितलं होतं की झालं, जांभळं झालं.

आता ही जांभळी पावडर उघड्या हवेत काढा, पावसाळ्याचे दिवस असतील तर काही मिनिटांत ती परत आकाशी होते. म्हणून काढायची तयारी आधी करून ठेवा. कोरडी बाटली, घट्ट झाकण, पॅराफिल्म, डेसिकेटर जवळ उघडून ठेवलेलं. मी एकदा ऐन जुलैत नमुना साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून बाहेरगावी पाठवला, पोचेपर्यंत आकाशी, आणि तिथं तो तसाच मशीनला लागला, आलेला आकडा बघून वाटलं आपली पद्धतच चुकीची. पद्धत बरोबर होती, पुडी चुकीची होती.

पायरी ४ : एक्सआरडी, म्हणजे घर तेच आहे का

नमुना कुठं पाठवायचा? मराठवाड्यातल्या मोठ्या विद्यापीठांत चौकशी करा, आयआयटी मुंबईच्या सैफ या तपासणी केंद्रात बाहेरच्यांचे नमुने घेतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली मशीनं शोधून बुकिंग करता येतं. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसनं स्वतः जाऊन नमुना दिला तर उत्तम, ऑपरेटरशी समोरासमोर बोलणं होतं, आणि ते बोलणं लई कामाचं असतं.

बोलायचं काय? पहिलं हे सांगायचं की स्कॅन टू-थीटा ५ अंशापासून पाहिजे. बहुतेक नमुने ऑक्साइडचे येतात म्हणून सवयीनं २० ते ८० स्कॅन मारला जातो, आणि मॉफची सगळी महत्त्वाची शिखरं वीसच्या खाली असतात! खण मोठे म्हणजे थरांमधलं अंतर मोठं, अंतर मोठं म्हणजे कोन लहान, ब्रॅगचं समीकरण बीएस्सीत शिकलोय तेच. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी हकस्टची शिखरं ६.७, ९.५, ११.६, १३.४, १७.५ आणि १९ अंशाच्या आसपास येतात, त्यात ११.६ चं सगळ्यात उंच. स्वतः पडताळून बघा, घनाकृती एकक पेशीची बाजू २६.३४ अँगस्ट्रॉम आहे, त्यातून २२२ थराचं अंतर काढा, कोन काढा, आला की नाही ११.६. हे एकदा हातानं केलं की एक्सआरडीची भीती जाते.

मग मर्क्युरी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हकस्टची स्फटिकरचनेची सिफ फाइल टाकून गणितानं काढलेला पॅटर्न आणि तुमचा पॅटर्न एकाखाली एक लावा. जागा जुळल्या पाहिजेत. उंची थोडी कमीजास्त होते, विशेषतः खणात पाणी असेल तर सुरुवातीची शिखरं बदलतात, त्यानं घाबरू नका. घाबरायचं कधी, तर वेगळ्या जागी नवीन शिखर आलं किंवा शिखरं रुंद होऊन मधे टेकाड दिसायला लागलं तर. आणि एक्सआरडी दोनदा करा, अ‍ॅक्टिव्हेशनच्या आधी आणि नंतर. आधी चांगला आणि नंतर टेकाड म्हणजे घर बसलं.

पण लक्षात घ्या, एक्सआरडी फक्त खांब-तुळया जागेवर आहेत एवढंच सांगतो. खणात काय भरलंय ते तो सांगत नाही. एक्सआरडी जुळला म्हणून मॉफ सच्छिद्र आहे असं लिहिणारे रिपोर्ट मी इतके बघितलेत.

पायरी ५ : एफटीआयआर आणि टीजीए

एफटीआयआर, म्हणजे कुठला बंध कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो ते दाखवणारं मशीन, बऱ्याच कॉलेजांत असतो, स्वस्त आणि पटकन होतो. बघायचं एकच ठिकाण, १७०० ते १७२० वेव्हनंबरच्या पट्ट्यात. मोकळ्या कार्बोक्सिलिक अ‍ॅसिडचा सी-ओ दुहेरी बंध तिथं दिसतो. लिंकर तांब्याला बांधला गेला की तो पट्टा तिथून उठून १६४५ आणि १३७० च्या आसपास जातो. १७१० ला अजून टोक दिसतंय म्हणजे बीटीसी खणात अडकलेलं आहे, परत मेथॅनॉल, परत तीन दिवस.

टीजीएमध्ये नमुना तापवत नेऊन वजन बघतात. ताजा हकस्ट १५० अंशापर्यंत बरंच वजन टाकतो, ते पाणी-अल्कोहोल. मग सपाट पठार, आणि ३०० च्या पुढं घरच जळतं. हवेत केलं तर शेवटी काळं कॉपर ऑक्साइड उरतं, आणि इथं एक सुंदर हिशोब आहे. पठारावरचं वजन १०० धरलं तर ऑक्साइड साडेएकोणचाळीस उरलं पाहिजे, कारण तीन कॉपर ऑक्साइडचे २३८.६ भागिले ६०४.९. जास्त उरलं तर आधीच कुठलं तरी ऑक्साइड मिसळलेलं होतं, कमी उरलं तर लिंकर जादा आहे. एका आलेखातून सॉल्व्हंट, टिकाऊपणा आणि शुद्धता तिन्ही निघतात, तरी पोरं फक्त तीनशे अंशापर्यंत स्थिर असं एक वाक्य लिहून मोकळी होतात.

सेममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, हकस्टचे अष्टफलक दिसतात, फोटो सुंदर येतो, रिपोर्टला शोभा येते, पण पैसे कमी असतील तर हा खर्च शेवटी करा.

पायरी ६ : बीईटी, खऱ्या उत्तराची जागा

बीईटी म्हणजे आतल्या भिंतींचं एकूण पृष्ठफळ काढायची पद्धत. नमुना द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, उणे १९६ अंशाला ठेवून त्यात थोडा थोडा नायट्रोजन सोडतात आणि किती आत राहिला ते मोजतात. आपल्या पोरांनी द्रव नायट्रोजन बहुतेक जनावरांच्या दवाखान्यातच बघितलेला असतो, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात तो, झाकण काढलं की पांढरा धूर. तेच इथं. बंद खोलीत जास्त सांडला तर हवेतला ऑक्सिजन कमी होऊन माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हा खिडकी उघडी.

चांगल्या हकस्टचं पृष्ठफळ ग्रॅमला साधारण १५०० ते १८०० चौरस मीटर. आपल्या भाषेत एका ग्रॅममध्ये पंधरा ते अठरा गुंठे! घरी सांगून बघा, वडील दोनदा विचारतील.

फॉर्म भरताना डीगॅस (मोजण्याआधी निर्वातात तापवून खण रिकामे करणं) १५० अंश, बारा तास असं स्पष्ट लिहा, नाहीतर मशीनवर जे ठरलेलं असेल ते लागतं आणि दोन तासात खण रिकामा होत नाही. वजन डीगॅस झाल्यावर केलेलं धरा हे पण लिहा, आधीचं वजन धरलं तर त्यात पाण्याचं वजन आलं आणि आकडा उगंच खाली पडतो. ही चूक लई होते.

आलेख कसा पाहिजे? सुरुवातीलाच सरळ वर चढून मग आडवा, याला टाइप वन म्हणतात, दोन नॅनोमीटरच्या खालच्या छिद्रांची ही खूण. आकड्याबद्दल एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. बीईटीचं समीकरण दाबाच्या कुठल्या पट्ट्यात लावायचं ते आपण ठरवतो, सॉफ्टवेअर आपोआप सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३ धरतं, तो पट्टा मोठ्या छिद्रांच्या पदार्थांसाठी ठीक आहे, मॉफचे खण तर ०.०५ च्या आधीच भरून गेलेले असतात. कधीकधी त्या पट्ट्यात सी नावाचा स्थिरांक ऋण येतो, तेव्हा तर आकडा सरळ टाकूनच द्यायचा. रूकेरॉल यांचे निकष आहेत, त्यातले मुख्य दोन, सी धन पाहिजे, आणि शोषलेलं प्रमाण गुणिले एक वजा सापेक्ष दाब ही संख्या निवडलेल्या पट्ट्यात सतत वाढत गेली पाहिजे. म्हणून लॅबकडून नुसता एक आकडा घेऊ नका, सगळे बिंदू असलेली फाइल मागा, एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि समजा आकडा ६०० च आला. रडत बसू नका, आता आधीच्या सगळ्या तपासण्या कामाला येतात. एफटीआयआरमध्ये १७१० ला टोक होतं का, मग खणात बीटीसी. टीजीएमध्ये डीगॅसनंतर पण दीडशेच्या आत वजन पडतंय का, मग सॉल्व्हंट. अ‍ॅक्टिव्हेशननंतरच्या एक्सआरडीत टेकाड आहे का, मग घर पडलं. ३६.४ ला शिखर आहे का, मग निम्मा माल हकस्ट नाहीच. एकटी कुठलीच तपासणी पूर्ण खरं सांगत नाही, चौघींना समोरासमोर बसवलं की उत्तर निघतं.

हकस्ट जमल्यावर पुढं काय

झिफ-८ हा जस्ताचा मॉफ तर ओव्हनशिवाय होतो. १.४९ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट १०० मिली मेथॅनॉलमध्ये, ३.२८ ग्रॅम टू-मिथाइलइमिडाझोल दुसऱ्या १०० मिलीत, दोन्ही ढवळत मिसळा, काही मिनिटांत दुधासारखं होतं, तासाभरानं सेंट्रीफ्यूज. फिल्टर पेपरमधून कण निसटतात म्हणून गाळू नका. शिखरं ७.३, १०.४ आणि १२.७ ला, पृष्ठफळ सोळाशेच्या आसपास. अ‍ॅसिडच्या जवळ नेऊ नका, विरघळतो.

पण मला मनापासून वाटतं ते अ‍ॅल्युमिनियम फ्युमरेट हा मॉफ तुम्ही करावा. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण बघितलंय. ओमर याघी अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात वाढले, तिथं पण नळाला पाणी कधीतरी काही तासच यायचं आणि भांडी भरून ठेवायला उठावं लागायचं. त्यांच्या गटानं २०१७ मध्ये झिर्कोनियमच्या मॉफ-८०१ वर दाखवलं की २० टक्के आर्द्रतेच्या हवेतून पण पाणी ओढून उन्हाच्या उष्णतेनं ते सोडवता येतं. हकस्ट यासाठी चालत नाही, पाणी पितो खूप पण पिऊन पिऊन त्याचे सांधेच सुटतात. अ‍ॅल्युमिनियम फ्युमरेट टिकतो, आणि तो नुसत्या पाण्यात बनतो.

६.६६ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, अठरा पाणीवालं, ३० मिली पाण्यात ६० अंशाला. दुसरीकडं २.३२ ग्रॅम फ्युमरिक अ‍ॅसिड आणि २.४ ग्रॅम कॉस्टिक सोडा ३५ मिली पाण्यात, तेही ६० अंशाला. दुसरं पहिल्यात अर्ध्या तासात थेंबथेंब, जोरात ढवळत. पांढरा साका पडतो, सेंट्रीफ्यूज करा, आणि धुवा, खूप धुवा, कारण आत सोडियम सल्फेट अडकतं. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकून बघा, पांढरं झालं तर अजून धुवायचंय. बेरियम क्लोराइड विषारी आहे, हात धुवा, तो थेंब वेगळ्या टेस्ट ट्यूबमध्येच. १०० अंशाला वाळवा, मग १५० ला निर्वात. जास्तीत जास्त ३.१६ ग्रॅम मिळेल.

याची परीक्षा बीईटीशिवाय घरच्या घरी होते. तीन छोटे बंद डबे, तळाला मिठांची संपृक्त द्रावणं, न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकी घट्ट. लिथियम क्लोराइडवर २५ अंशाला हवा ११ टक्के आर्द्रतेची राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, साध्या मिठावर ७५. रिकामी केलेली अर्धा-अर्धा ग्रॅम पावडर उघड्या बाटलीत घालून प्रत्येक डब्यात ठेवा, द्रावणाला लागू देऊ नका, आणि वजन स्थिर होईपर्यंत रोज मोजा. ११ वर फार वाढत नाही, ३३ पर्यंत मोठी उडी, ७५ वर त्याच्यापेक्षा थोडंच जास्त. २० ते ३० टक्क्यांच्या मधे खण एकदम भरतात म्हणून ही उडी.

आणि मे महिन्यात अजून एक करा. दुपारी आपल्याकडं हवा वीस-पंचवीस टक्क्यांवर आलेली असते. एक ग्रॅम कोरडी पावडर पेट्री डिशमध्ये पातळ पसरा, वर मलमलचं कापड बांधा, रात्री दहाला वजन करून गच्चीवर ठेवा. पहाटे ऊन पडायच्या आधी, साडेपाचला उठून परत वजन करा. मग तीच डिश दुपारी दोनला उन्हात काळ्या पत्र्यावर ठेवून तिसरं वजन. तीन रात्री करा, तारीख, वेळ आणि मोबाईलवरची आर्द्रता शेजारी लिहीत जा. पहाटेच्या आणि दुपारच्या वजनातला फरक म्हणजे तुमच्या गावच्या हवेतून त्या एका ग्रॅमनं एका रात्रीत ओढलेलं पाणी.